सेमाडोहला काय बघायचं?

सेमाडोहहून परतलेल्या माणसाला अमरावतीत किंवा अकोल्यात पहिला प्रश्न विचारतात तो ‘दिसला का?’ असा. काय दिसलं हे सांगायची गरज कोणालाच वाटत नाही. उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी असतं आणि मग सहल वाया गेली असा शेरा बसतो. सिपना नदीकाठचा मुक्काम, पहाटेची जिप्सी, बांबूतून निघालेला रानगव्यांचा कळप, अस्वलाच्या नख्यांनी ओरबाडलेलं खोड, सगळं त्या एका ‘नाही’खाली दबून जातं. या प्रकरणाचं म्हणणं असं, की प्रश्नच चुकलेला आहे. डोंगरावर पडलेलं पाणी कुठे मुरतं, कसं टिकतं आणि शेवटी कोणाच्या घागरीत पडतं, हे डोळ्यांनी बघावं अशी जागा म्हणजे सेमाडोह. वाघ हा त्या पाण्याचा रखवालदार. तो सहजी दिसत नाही आणि पाणी मात्र उन्हाळ्यातही सापडतं, या दोन्ही गोष्टींमागचं कारण एकच आहे. ते उमगलं की सहलीला कधी जायचं, कुठे थांबायचं आणि काय बघायचं, हे सगळंच बदलतं.

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर चढतो, घटांगच्या आसपास माथा ओलांडतो आणि पलीकडे सिपनेच्या खोऱ्यात उतरतो. तिथे नदीकाठी सेमाडोह आहे. कोरकू आदिवासींची वस्ती, वनखात्याची कचेरी, पर्यटन संकुलातली कुटिरं आणि सामूहिक निवास, एवढाच पसारा. भोवताली मेळघाट व्याघ्र प्रकल्प. व्याघ्र प्रकल्पाची योजना देशात १९७३ साली सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं, आणि महाराष्ट्रातलं ते पहिलंच. आज त्याचं गाभा क्षेत्र सुमारे १,५०० चौरस किलोमीटर आणि बफरसह एकूण पसारा २,७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. पण आकड्यांनी मेळघाट कळत नाही, कारण हा प्रदेश सपाट नाही. तापीच्या बाजूला समुद्रसपाटीपासून जेमतेम ३८० मीटरवर असलेली जमीन वैराटच्या माथ्यावर ११७८ मीटरपर्यंत चढते. मधल्या भागात खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्यांनी आणि त्यांना मिळणाऱ्या असंख्य नाल्यांनी जमिनीच्या घड्या घातल्या आहेत.

वाघ का दिसत नाही याचं उत्तर या घड्यांत आहे. ताडोबाशी तुलना केली की ते स्पष्ट होतं. ताडोबाची जमीन तुलनेने सपाट, आणि उन्हाळ्यात पाणी उरतं ते मोजक्या तलावांत आणि पाणवठ्यांवर. चितळं तिथे येतात, त्यांच्यामागे वाघ येतो आणि गाड्याही तिथेच उभ्या असतात. मेळघाटात पाणी एका ठिकाणी गोळा होत नाही. एका घळीत झिरा, दुसरीत छोटा डोह, तिसरीत खडकातून पाझरणारी ओल, असं ते शेकडो जागी वाटलेलं असतं. साहजिकच जनावरंही वाटली जातात. चितळांचे मोठे कळप इथे कमी, सांबर, भेकर आणि रानगवा हे भक्ष्य उतारांवर विखुरलेलं, त्यामुळे एका वाघाला फिरायला मोठा मुलूख लागतो. रस्ते दरीच्या कडेने जातात आणि दोन्ही बाजूंना सागाची पानं नि बांबूची बेटं. गाडीतून पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही. वाघ आहेत, त्यांच्या पाऊलखुणा आणि विष्ठा सापडतात, स्वयंचलित कॅमेऱ्यांत ते येतात, माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र क्वचितच येतात. म्हणजे पर्यटकाच्या दृष्टीने जे मेळघाटाचं उणेपण, ते खरं तर पाण्याच्या विखुरलेपणाचा पुरावा आहे.

आता पाण्याकडे वळू. मेळघाटात वर्षाला साधारण ९५० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, चिखलदऱ्याच्या माथ्यावर त्याहूनही अधिक. खाली अकोल्याच्या मैदानात तो ७५० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. एक हजार मिलिमीटर धरले तरी नुसत्या गाभा क्षेत्रावर वर्षाला १,५०० दशलक्ष घनमीटर पाणी कोसळतं. अकोला जिल्ह्यातल्या वान धरणाची साठवण सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर आहे, म्हणजे त्याच्या अठरा पट. यातलं बरंचसं पुरात वाहून जातं, बरंचसं झाडं पितात, उन्हाने उडतं. उरलेलं जमिनीत शिरतं, आणि पुढची सगळी गोष्ट या उरलेल्या पाण्याची आहे.

ही जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेली. सगळे थर सारखे नाहीत. काही एकसंध आणि घट्ट, त्यांतून पाणी फक्त भेगांवाटे उतरतं. काही सच्छिद्र, त्यांत वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्या असतात. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी मातीचा पातळ पट्टा असतो, तो पाण्याला खाली जाऊ देत नाही आणि त्याच्या कडेने झरा फुटतो. या सगळ्याच्या वर मुरूम आणि मातीचं आवरण. पावसाळ्यात मुरूम भरतो, मग पुढचे आठ महिने तो हळूहळू नाल्यात आणि नदीत रिता होत राहतो. एप्रिलमध्ये सिपनेच्या पात्रात उतरलं तर हे काम चालू असलेलं बघायला मिळतं. धार तुटलेली असते. काळ्या गुळगुळीत दगडांवर पुराच्या पातळीचे पांढुरके पट्टे राहिलेले असतात, एकाखाली एक. वाळूचा कोरडा पट्टा ओलांडला की पुढे खडकाचा आडवा बांध, आणि बांधाच्या वरच्या अंगाला डोह. डोहाला मिळणारा प्रवाह दिसत नाही, तरी तो आटत नाही, कारण वाळूखालून आणि काठच्या मुरमातून पाणी झिरपत असतं. काठावर अर्जुनाची पांढरट खोडं पाण्याकडे झुकलेली, त्यांच्या मुळांनी दरड धरून ठेवलेली. गावातल्या बायका कोरड्या वाळूत हातभर खोल झिरा उकरतात आणि गाळलेलं, थंड पाणी वाटीने घागरीत भरतात. त्याच वाळूत थोडं पुढे रानडुकरांनी आणि सांबरांनी उकरलेले खड्डे असतात.

वनखातं बुद्धपौर्णिमेच्या रात्री ‘निसर्गानुभव’ नावाने मचाणावर बसण्याचा जो कार्यक्रम ठेवतं, त्याचा आधारही हाच. वैशाखात उरलेल्या पाण्याशेजारी बसलं की जनावर तिथे येणारच, या हिशेबाने पूर्वी प्रगणना होई. आता मोजणी कॅमेऱ्यांनी होते, पण पाण्याभोवती जंगल गोळा होतं हे तत्त्व तसंच आहे. डोलार नदीवरच्या सिद्धूकुंडात १९९० आणि १९९१ साली मगरी पुन्हा आणून सोडल्या, त्याही या बारमाही डोहांच्या भरवशावर.

याच्या जोडीला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं एक गाव ठेवून बघण्यासारखं आहे. अलास्कातलं सेवर्ड हे समुद्रकाठचं छोटं बंदर. लोक तिथे तंबू ठोकायला जातात, बोटीतून समुद्रात कोसळणाऱ्या हिमनद्या बघतात, आणि गावाजवळच्या एक्झिट नावाच्या हिमनदीकडे चालत जातात. या वाटेवर ठिकठिकाणी सालांचे फलक लावले आहेत. त्या त्या साली बर्फाची कड इथपर्यंत होती, एवढंच ते सांगतात. फलक मागे पडत जातात, बर्फाची कड दूर दूर हटलेली दिसते, आणि कोणी भाषण न करता पर्यटकाला साठवलेल्या पाण्याचा हिशेब कळतो. आपल्याकडे गोमुखापर्यंत जाणारे मराठी यात्रेकरू हेच बघतात, फक्त श्रद्धेच्या डोळ्यांनी. साठवलेलं पाणी बघायला माणूस मैलोन्‌मैल जातो, ते बर्फाच्या रूपात असेल तर. मुरमात साठलेलं असेल तर ते त्याला प्रेक्षणीय वाटत नाही. हिमनदीशी बरोबरी ताणून मात्र चालणार नाही. हिमनदीत शतकांचं पाणी असतं, मेळघाटात एका पावसाळ्याचं. पाऊस एक वर्ष दगा देऊन गेला की सिपनेचे डोह आकसतात. पण नेमक्या याच कारणाने इथला हिशेब दरवर्षी नव्याने मांडला जातो आणि दरवर्षी बघताही येतो.

तो हिशेब वऱ्हाडच्या मैदानाला किती लागू आहे हे माथा ओलांडून दक्षिणेला उतरल्यावर कळतं. गाविलगडची रांग दक्षिणेकडे एकदम तुटते. तिच्या पायथ्याशी पूर्णेचं गाळाचं खोरं आहे, आणि त्यातल्या मोठ्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहीर खोदली तरी पाणी ना प्यायला ना पिकाला, आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी गावोगाव. या पट्ट्यातल्या माणसाला गोडं पाणी मिळतं ते डोंगरातून. वान, शहानूर, चंद्रभागा, सापन या नद्या मेळघाटच्या दक्षिण उतारावर उगम पावतात आणि त्यांवर पायथ्याशी धरणं बांधलेली आहेत. अकोट भागातली चौऱ्याऐंशी खेडी योजना वानच्या पाण्यावर चालते. त्याच धरणाचं पाणी बाळापूरकडे न्यायचं म्हटल्यावर तेल्हारा तालुक्यातले शेतकरी रस्त्यावर आले, इतकं ते मोलाचं आहे. अंजनगाव-दर्यापूर बाजूच्या गावांना शहानूरचा आधार. नळाचं पाणी सोडलं तरी डोंगराचा हात सुटत नाही. डोंगर संपून मैदान सुरू होतं तिथे गोटे आणि जाड रेतीचा एक अरुंद पट्टा आहे, भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेले नाले या पट्ट्यात शिरताच जिरतात आणि पायथ्याच्या विहिरींना पाणी पुरवतात. परतवाडा-अचलपूरच्या संत्र्याच्या बागा, अंजनगाव-अकोटकडचे पानमळे आणि पानपिंपरी ही बारमाही पाण्याची पिकं याच पट्ट्याच्या आसऱ्याने वाढली. पानपिंपरीला सावली लागते, सतत ओल लागते. पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या वऱ्हाडात ती पिकते हेच मुळात नवल, आणि त्या नवलाचं मूळ वर जंगलात आहे.

इथे एक शास्त्रीय आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जंगल पाणी देतं, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात शोभतं, पण झाडं पाणी पितात हेही तेवढंच खरं आहे. बॉश आणि ह्यूलेट या दोघांनी १९८२ साली जगभरातल्या ९४ पाणलोट प्रयोगांचा आढावा घेतला. झाडं तोडली की नदीत वर्षभरात येणारं एकूण पाणी बहुधा वाढतं आणि झाडं लावली की घटतं, असा त्याचा सूर होता. मग मेळघाटच्या जंगलाला पाण्याचा धनी का म्हणायचं? याचं उत्तर ‘एकूण’ आणि ‘केव्हा’ यांतल्या फरकात आहे. अकोटच्या माणसाला वर्षाची बेरीज घेऊन काय करायचं? जुलैच्या पुरात वाहून गेलेलं पाणी मे महिन्यात त्याच्या कामाला येत नाही. पाण्याला जमिनीत शिरायला फट मिळते की नाही हा खरा मुद्दा. पालापाचोळ्याने झाकलेली, गांडुळांनी नि मुळांनी भुसभुशीत ठेवलेली जमीन पाणी आत घेते. उघडी पडून गुरांच्या खुरांनी दाबलेली जमीन ते खाली ढकलून देते आणि सोबत मुरूमही धुऊन नेते. मुरूम गेला की साठवायची जागाच गेली. शिवाय मेळघाटचं जंगल कोरड्या पानगळीचं आहे. साग, तिवस, मोहा, साळई ही झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात, म्हणजे नदी सर्वांत बारीक असते त्याच महिन्यांत झाडांचा खर्चही सर्वांत कमी असतो. पर्यटकाला मार्च-एप्रिलचं भकास, उघडंबोडकं जंगल आवडत नाही. पाण्याच्या बाजूने पाहिलं तर जंगलाने आपली तहान आवरती घेतल्याची ती खूण आहे. बारमाही हिरव्या झाडांची लागवड इथल्या उतारांवर केली असती तर डोहांचं काय झालं असतं, हा विचार वृक्षारोपणाचे आकडे छापणाऱ्यांनी करावा.

याच तर्काने वणव्याचाही विचार करावा लागतो. पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, आगीवर नजर ठेवणारे अंगारी नेमले जातात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला की आग कधी हाताबाहेर जाते, कधी बिडीचं थोटूक पुरतं. आग गेल्यावर साग मरत नाही, पावसाळ्यात पुन्हा फुटतो, म्हणून आपल्याला नुकसान कळत नाही. पण पाल्याचा थर गेलेला असतो आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या राखेवर पडतो. त्या वर्षीचं पाणी तिथेच निसटलं.

दुसरा आक्षेप माणसांच्या बाजूने आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मेळघाट एवढं पाणी साठवतो तर चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावांना उन्हाळ्यात टँकर का लागतो? कारण पाणी साठतं ते उताराच्या पोटात, आणि ते बाहेर येतं खालच्या घळीत. पठारावरच्या, माथ्यावरच्या गावांच्या वाट्याला पाऊस सर्वांत जास्त आणि विहिरीत पाणी सर्वांत कमी. डोंगरातलं पाणी खालच्या माणसाला मिळतं आणि वरच्याला नाही, ही भूगोलाने केलेली वाटणी आहे, पण ती तशीच राहू द्यायची की नाही हा सरकारचा आणि समाजाचा प्रश्न. ज्या डोंगराच्या जिवावर खालचे नळ वाहतात, त्या डोंगरावरच्या बाईने टँकरची वाट बघावी, याला न्याय म्हणता येत नाही. बाहेरच्या वर्तमानपत्रांत मेळघाट दोनच कारणांनी येतो, वाघ आणि कुपोषण. पाण्याच्या नावाने तो आला असता तर ही विसंगती लवकर दिसली असती.

पुनर्वसनाचाही यात संबंध आहे. बोरी, कोहा आणि कुंड ही गावं गाभा क्षेत्रातून सर्वांत आधी हलली, त्यानंतर आणखी कितीतरी. जुन्या गावठाणांवर आणि शेतांवर आता गवताळ माळ झाले आहेत. गवताने माती धरली, सांबर-गवे तिथे चरू लागले, हे खरंच. पण अकोट भागात वसवलेल्या काही कुटुंबांना नवीन जागी जमीन, रोजगार आणि दवाखान्याच्या तक्रारी राहिल्या. ती मोठ्या संख्येने जंगलात परतली आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांचा वनखात्याशी हिंसक संघर्ष झाला, हेही खरंच. पाणलोटाच्या नावाने कोरकूंना बाहेर काढण्याचा युक्तिवाद कोणी या प्रकरणातून काढू नये. झिरा कुठे उकरायचा, कोणता डोह कोणत्या महिन्यात टिकतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. सेमाडोह आजही नांदतं गाव आहे ही पर्यटकाच्या फायद्याची गोष्ट, कारण वाटाड्या तिथलाच मिळतो.

तिसरा आक्षेप पोटाचा. वाघ बाजूला ठेवला तर येणार कोण, आणि जिप्सी चालवणाऱ्याचं, गाईडचं, जेवण रांधणाऱ्या बचतगटाचं काय? डोह बघायला कोणी पुण्याहून येत नाही, असं म्हणतात. यावर पहिलं उत्तर असं, की वाघाच्या भरवशावरही मेळघाटाला ताडोबाची गर्दी कधी लाभलेली नाही आणि भूगोल बघता लाभणार नाही. जी शर्यत हरणारच, तिच्यासाठी जाहिरात करत राहणं म्हणजे येणाऱ्याला आधीच नाराजीचं तिकीट देणं. दुसरं उत्तर पक्ष्यांनी दिलेलं आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड. त्याचं शास्त्रीय वर्णन ह्यूमने १८७३ साली केलं आणि १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना कोणालाच मिळाला नाही. तो नामशेष झाला असं धरून सगळे बसले असताना नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. त्यानंतर झालेल्या शोधात मेळघाट हा त्याचा एक भक्कम आश्रय असल्याचं आढळलं. हे घुबड दिवसा फिरतं, सागाच्या उघड्या फांदीवर बसून शेपटी हलवतं. वाघ बघायला येणारा त्याच्याखालून जिप्सी काढतो, आणि पक्षी बघणारे त्याच्यासाठी देशाबाहेरून येतात. नेमकी, दुर्मीळ, शिकवता येणारी गोष्ट असली की तिचा पर्यटक तयार होतो. तो संख्येने कमी, पण जास्त दिवस राहणारा, पायी फिरणारा आणि गाईडला प्रश्न विचारणारा असतो. गावाला असा पाहुणा परवडतो.

आणि वाघ बाजूला ठेवायचा असं तरी कुठे म्हटलं? मेळघाटच्या सागावर इंग्रजी अमदानीपासून लाकडासाठी डोळा आहे. आज गाभा क्षेत्रात कुऱ्हाड थांबली आहे, खाण येत नाही, अकोला-खंडवा रेल्वेचा मार्ग रुंद करताना जंगलाला वळसा घालायची भाषा होते, ती केवळ वाघाच्या कायदेशीर वजनामुळे. डोहाच्या नावाने भारतात कोणतंही जंगल दीड हजार चौरस किलोमीटर राखलं गेलेलं नाही. व्याघ्र प्रकल्पांनी वाघ किती वाढवले यावर वाद घालता येईल, पण नद्यांचे उगम त्यांनी राखले यावर घालता येणार नाही. म्हणून वाघाचा मान ठेवावा आणि तो दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडावा.

शेवटचा आक्षेप पर्यटकावरच उलटणारा आहे. डोह बघायला माणसं आली तर डोहाचं काय राहील? चिखलदऱ्याला पावसाळ्यात शनिवार-रविवारी होणारी वाहनांची रांग ज्याला ठाऊक आहे तो हा प्रश्न विचारणारच. मे महिन्यातला डोह म्हणजे वाहतं पाणी नव्हे. त्यात पडलेला साबण, शाम्पू, खरकटं पुढे जात नाही, तो पहिल्या पुरापर्यंत तिथेच राहतो आणि त्याच पाण्यावर मासे, पक्षी, जनावरं जगत असतात. तेव्हा नदीकाठी स्वतःचा तंबू ठोकून चूल मांडण्याची हौस इथे चालत नाही, हे नियम म्हणून तर आहेच, पण त्यामागचं कारण पटलं तर नियमाची गरज उरत नाही. मुक्काम संकुलातच करावा. पात्रात उतरायचं ते परवानगीने, गाईडसोबत आणि दिवसाच. आंघोळ डोहात करू नये. रात्री नदीकडे तर जाऊच नये, तिथली रात्रीची वहिवाट अस्वलांची आणि बिबट्यांची असते.

मग जायचं केव्हा? पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते आणि ते योग्यच आहे. हिवाळा सोयीचा, फक्त थंडीची तयारी हवी, कारण रात्री माथ्यावरची गार, जड हवा उतारांवरून ओघळून सेमाडोहच्या खोऱ्यात साचते. पण पाण्याचा हिशेब वाचायचा असेल तर दोनदा जावं, एकदा ऑक्टोबरच्या अखेरीस आणि एकदा एप्रिलमध्ये, आणि दोन्ही वेळा त्याच खडकाजवळ उभं राहावं. माखल्याच्या पठारावर चढून खोऱ्याच्या घड्या मोजाव्यात, कोलकासला सिपनेचं वळण बघावं, आणि परतीच्या वाटेवर घटांगच्या माथ्यावर थांबून दोन्ही उतार न्याहाळावेत. उत्तरेकडचं पाणी सिपनेतून तापीत जातं, दक्षिणेकडचं सापन, चंद्रभागा, शहानूर, वान यांच्यातून पूर्णेत.

वनखात्याकडे एकच मागणी. सेवर्डसारखे सालांचे फलक इथे करायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. सेमाडोहच्या एका डोहाकाठच्या खडकावर रंगाने पट्टी आखावी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेची पाणीपातळी गावातल्याच शाळेच्या मुलांनी नोंदवावी आणि मागच्या वर्षांच्या खुणांसह ती संकुलाच्या दारात लावावी. येणाऱ्याने आधी ती वाचावी आणि मग जिप्सीत बसावं. त्या पट्टीवरचं पाणी तापीतून बऱ्हाणपूरवरून वाहत जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पोचतं. वऱ्हाडच्या गावांना पाजून उरलेलं दक्षिण उताराचं पाणी घेऊन पूर्णा तिथेच तिला मिळते, आणि दोघींचं पाणी पुढे हतनूर, उकाई करत सुरतेला समुद्राला लागतं.